मी कुठं मागणी केली?

मंगळवार, संध्याकाळ

वहीत लिहायला उशीर झाला, चुकलंच. गिरणीच्या वीजबिलातल्या ‘मागणी आकारा’नं डोकं खाल्लं होतं. मी तर कुणाकडं काही मागितलंच नव्हतं.

आज सूनबाई वीज कचेरीत विचारून आली आणि हसली. “मामा, तुम्ही नाय, मशिनी मागत्यात. अर्धा तास जरी तिन्ही संगं चालल्या, तरी त्या जोराचा आकार महिनाभराच्या बिलात लागतो.”

म्हणजे रोज अगरबत्ती लावून तिन्ही बटणं एकदम दाबायचो, शुभ म्हणून, तेच नडलं. उद्यापासून आधी दळण, ते आटोपलं की मिरची, शेवटी हळद. गिऱ्हाईक थांबेल का? थांबवायचंच.

पोरगा या बिलापायीच गिरणी विकायला सिल्लोडला गेलाय. फोन उचलत नाही. बाळा, कुणाला शब्द देऊ नको, एवढं तुला वेळेत कळू दे.