नातीच्या पोर्तुगीजचा तुलनात्मक तक्ता

२ मार्च, सकाळी ७
लेक येतेय. सव्वीस तारखेला, पाच वर्षांनी, आठ दिवसांसाठी. सोबत नात, वय चार. ही बातमी बायकोनं मला पाठमोरी उभी राहून, भांडी विसळताना दिली.
लेकीनं परदेशात परस्पर लग्न ठरवलं तेव्हा मी फोनवर एकच वाक्य बोललो होतो. नंतर बोललोच नाही. चूक कोणाची, हा मुद्दा इथे घेत नाही.
नात बापाशी पोर्तुगीज बोलते म्हणे. निश्चय: चोवीस दिवसांत पोर्तुगीज शिकणार. नात माझ्याशी बोलली की लेकीला बोलावंच लागेल. शिवाय मी माघार घेतली असंही दिसणार नाही.

४ मार्च
पोर्तुगीज एक नाही! ब्राझीलची वेगळी, पोर्तुगालची वेगळी. बरं झालं वेळीच कळलं. घाईघाईनं शिकणारा इथेच फसला असता.
जावई कुठला, हे बायकोला विचारलं की प्रश्न मिटतो. पण त्याचं नावगाव या घरात काढायचं नाही, असं मीच ठणकावून सांगितलेलं. एकतीस वर्षं खरेदी विभागात काढली आहेत. निवड पद्धतशीरच होईल.

५ मार्च
तुलनात्मक तक्ता आखला. खरेदीच्या नियमानं किमान तीन कोटेशनं लागतात, हातात दोनच. तिथेही पोर्तुगीज चालते, म्हणून मोझांबिक घेतलं. निव्वळ रकाना भरायला.

८ मार्च
वाचनालयातल्या बाईंकडे पुस्तक मागितलं. त्या म्हणाल्या, बोलायचंय कोणाशी, त्यावर ठरवा ना. म्हटलं, तो मुद्दा या टप्प्यावर येत नाही. पुस्तक मिळालं. बाईंची नजर आवडली नाही.

११ मार्च, सायं. ५.४०
ब्राझील, धडा पहिला. वायफाय नीट येतं ते फक्त बाहेरच्या खोलीतल्या माझ्या खुर्चीपाशी, आणि तिथेच बायकोचा साडेपाचचा व्हिडिओ कॉल. लेक, नात, रोज पाऊण तास. एरवी मी तेव्हा मुद्दाम फिरायला जातो. आता अभ्यासासाठी तिच्या मागे बसावं लागतं. काय तो गलका! मोठे हेडफोन आणले. आता शांतता आहे.

१५ मार्च
ब्राझील रद्द. फार गोड बोलतात. पाच वर्षांनी पहिल्याच दिवशी मी इतकं गोड बोललो, तर लेकीला वाटेल मला काहीतरी आजार झालाय. पोर्तुगाल पक्कं.

१८ मार्च
पोर्तुगालवाले अर्धे स्वर गिळतात. माझ्या कवळीला ते झेपत नाही. तक्त्यात ‘कवळी’ हा रकाना वाढवला. ब्राझीलचा फेरविचार.
उरले आठ दिवस. येणारी वाक्यं: शून्य. पण तक्ता असा झालाय की साहेबांनी डोळे झाकून सही केली असती.

२१ मार्च
बायकोनं विचारलं, एवढं काय ऐकता? म्हटलं, बातम्या. ती म्हणाली, काढा जरा ते कानातलं, पोरगी काय बोलतेय ते तरी ऐका. म्हटलं, योग्य वेळी ऐकेन. ती पाठ करून पुन्हा फोनकडे वळली. तिच्या पाठमोऱ्या बसण्याची मला धास्ती वाटते.

२४ मार्च
झोप उडाली. तडजोड: एकच वाक्य, ब्राझीलचं. मी तुझा आजोबा, तुला पाहून आनंद झाला. आंघोळ करताना येतं, आरशासमोर येत नाही. लेक समोर उभी राहिल्यावर काय होणार, देव जाणे.
लेक यायलाच नको, असं एकदा मनात आलं. लगेच लाज वाटली.

२६ मार्च, दुपारी ४
आल्या. लेक बारीक झालीय. मी तिच्या हातातली बॅग घेतली. दोघांनीही बॅगेकडेच पाहिलं.
मग नातीसमोर उकिडवा बसलो आणि वाक्य म्हटलं. पूर्ण म्हटलं. नात आईच्या मागे लपली.
लेक तिच्या आईला म्हणाली, सांग त्यांना, हे ब्राझीलचं झालं, हिचा बाबा मोझांबिकचा आहे. म्हणजे नियमापुरतं घेतलेलं तिसरं कोटेशन.
तेवढ्यात नातीनं आईच्या मागून डोकं काढलं आणि आजीला खणखणीत मराठीत विचारलं, हे खुर्चीतले आजोबा ना? यांना बोलता येतं?
रोज साडेपाचला, माझ्यापासून चार हातांवर, ती हेच मराठी बोलत होती.
सगळे माझ्याकडे वळले. लेकसुद्धा. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे पाहत होती. उत्तर सोपं होतं आणि मराठीतच द्यायचं होतं.
मला ते आलं नाही.