अण्णाला हाक मारली नाही

शनिवार, संध्याकाळी सात
बनशंकरी

आज आमच्या आयटीवाल्यांच्या संघटनेने जे. पी. नगरच्या हॉलमध्ये नोकरी गेलेल्यांसाठी मार्गदर्शन ठेवलं होतं. मी बायोडेटा तपासायला बसले होते. रांगेत सहावा माणूस अण्णा होता. माझा सख्खा मोठा भाऊ. इस्त्रीचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर.

मला काहीच माहीत नव्हतं. गेल्याच रविवारी जेवायला आला होता, तेव्हा म्हणाला, "ऑफिसात काम फार आहे गं." याच अण्णाने मला पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवला. संघटनेतही त्यानेच आणलं.

त्याने मला पाहिलं आणि फोल्डर छातीशी धरलं. मी काय केलं? मान खाली घातली. त्याला लाज वाटू नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं का ते? की बाकीच्यांसमोर मलाच लाज वाटली? पुन्हा वर पाहिलं तर तो निघून गेला होता. छातीशी धरलेलं ते फोल्डर डोळ्यांसमोरून हलत नाही.

मघाशी मीच फोन केला. वहिनीला अजून सांगितलं नाही म्हणाला. मग स्वतःहूनच बोलला:

"तू तिथे असशील हे ठाऊक होतं मला. म्हणूनच आलो. घरी सांगायला जीभ रेटत नव्हती. वाटलं, तू हाक मारशील."

मला रडूच फुटलं.

"सरी, सरी, रडू नको," तो म्हणाला. इथे राहून 'बरं, बरं'चं हे कन्नड त्याच्या तोंडी बसलंय.

नोकरी त्याची गेली, आणि समजूत त्यानेच माझी घातली.