तिसरा शब्द

प्रिय चिमणे,

फोनवर मी रोज सांगतो, आई झोपलीय, नंतर बोलेल. गेले अकरा दिवस ते खरं नाही. सकाळी देवापुढे हात जोडतो आणि दुपारी तुझ्याशी खोटं बोलतो.

तू तो गेमचा डबा आणलास तेव्हा मी हसलो होतो. कंपनीने निव्वळ खेळायला बनवलेलं यंत्र. त्यात तू लिनक्स घातलंस, कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं असं सॉफ्टवेअर. म्हणालीस, "बाबा, तुमचाच धंदा केला. कुलूप उघडलं." आईचं अंग लुळं पडल्यावर डाव्या हाताचा अंगठा तेवढा उरला होता, आणि गेमचं रिमोट त्याला बरोबर बसलं. पडद्यावरच्या चित्रावर थांबून बटण दाबलं की टीव्ही त्याचा शब्द बोलायचा. चार महिने मुकी असलेली बाई पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "चहा पांचट." चावी करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे कौतुकाने सांगितलं.

इंटरनेटची वायर लावू नका, अशी चिठ्ठी तू डब्यावर चिकटवली होतीस. अकरा दिवसांपूर्वी आईने निवडलं, "चिमणी, फोटो, नवा." तो घ्यायला मी वायर लावली, ती काढायची राहिली. दुपारी ती म्हणाली, "सांगा." मग, "तिला." तेवढ्यात वीज गेली. आली तेव्हा डबा कंपनीच्या मूळ पडद्यावर उघडला. तिथे लिहिलं होतं, सुरक्षेत एक भोक सापडलंय, बुजवायचं का? तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, कुलूप सैल झालंय, आजच बदला. मी "हो" दाबलं. ते भोक म्हणजे तुझीच आत शिरायची वाट होती, हे दुरुस्तीवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं. "काका, कंपनीने आतून कडी घातलीय," म्हणाला. लोकांची बंद दारं उघडणारा मी, घरातल्या डब्यापुढे बसून राहिलो.

पाटीवर चित्रं काढून पाहिली. माझी खुर्ची तिला बकरी वाटली असावी, कारण हसली. मग "सांगा, तिला" याच्या पुढचा राहिलेला शब्द ओळखायला मीच एकेक शब्द उच्चारू लागलो. बरोबर असेल तर तिने डोळे मिटायचे. जेव? झोप? काळजी करू नको? डोळे उघडेच. कालपर्यंत ती बंद टीव्हीसमोर बटण दाबत होती. आज अंगठाही थकलाय.

एक शब्द मात्र मी मुद्दाम विचारत नव्हतो. तुझी परीक्षा तोंडावर आहे, वर्ष वाया जाईल, म्हणून. अकरा दिवस तो गिळला. आज पूजा आटोपून तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "ये?"

तिने डोळे मिटले.

तुझाच,
बाबा