न वाजणारं भांडं

१२ जून, सोमवार. लातूर.
सामान लागलं एकदाचं. तिसरा मजला. खालच्या खोल्या क्लासच्या पोरांनी कधीच अडवल्या. जूनमध्ये लातुरात तळमजला मागणारा येडाच.
पल्लवीचं मेडिकलच्या परीक्षेचं हे रिपीटचं वर्ष. मागल्या खेपेला होस्टेलला ठेवली तर पोरगी जेवायचंच विसरली, पार काटकी झाली. म्हणून यंदा मी रिटायर झाल्या झाल्या नांदेडच्या घराला कुलूप घातलं आणि तिघंबी इथं. आई जवळ असली की प. जेवते. एवढं साधं हाय.
बायको, सुमन, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबली. दम लागला म्हणली. दम न्हाई तो.
घरमालकीण शाहीनआपा तळमजल्यावर राहतात. सासऱ्यांची बेकरी होती, आता बंद. माझा छोटा ओव्हन वर चढताना बघून लई खूश. केकचे टिन पडून हायेत म्हणल्या, पाहिजे ते घेऊन जा. एक मोठा घेतला. काळा कुळकुळीत, जड.

१८ जून, रविवार
क्लासची पहिली टेस्ट. आमच्याकडं रविवारी केक. मार्क कितीबी पडू द्या. मार्कांचा केक वेगळा आणि रविवारचा केक वेगळा, हे मी प.ला सातवीपासून सांगत आलोय. बिनअंड्याचा, रव्याचा, दही घालून.
आपांच्या टिनला तूप लावून मैदा भुरभुरायलो होतो. तुपाचा हात. सटकला. फरशीवर पडला आणि गरगर फिरत वाजतच राहिला.
बघतो तर सु. घरात न्हाई. दार उघडं. खाली आपांच्या पायरीवर बसलेली, अनवाणी, पदर तोंडाशी.
तिचं माहेर औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात धाकटा भाऊ गेला. लग्नानंतर एकदाच बोलली त्याबद्दल. जमीन हलली ते नंतर, आधी फळीवरची भांडी वाजली म्हणली. तीस वर्षं होत आली. नांदेडला तळमजला, समोर अंगण, भांडी मी घासून मीच हळू मांडायचो. निभलं. इथं तीन जिने.
वर यायला तयार न्हाई. आपांनी चहा पाजला. मग सु. माझ्याकडं न बघता म्हणली, "मला नांदेडला सोडून या."
प. टेस्टहून आलेली, जिन्याच्या तोंडाशी उभी. तिनं ऐकलं. "आई गेली तर मीबी इथं राहत न्हाई."
केक राहिला.

२१ जून, बुधवार
सु. आहे. अजून तरी. पिशवी भरलेली दाराशी ठेवलीय, त्या पिशवीकडं कुणी बघत न्हाई.
गंजगोलाईच्या बाजारात गेलो. सिलिकॉनचा साचा आणला, रबरासारखा, जांभळा. दुकानदार म्हणला चिमटा काढून पिळा, पांढरं पडलं तर भेसळ. पिळला. पांढरं पडलं न्हाई. मग मी तो दुकानातच जमिनीवर टाकून बघितला. थप्. बस्, एवढाच आवाज. पुन्हा टाकला. दुकानदाराला वाटलं असंल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.
घरी आल्यावर सु.समोर मुद्दाम ओट्यावरून पाडला. ती बघत राहिली. संध्याकाळी बघतो तर पिशवी कपाटात.

२५ जून, रविवार
साच्यातला पहिला केक. कौतुक एकच पण मोठं: ठोकावं लागत न्हाई. टिनातला केक उलटा करून ओट्यावर दोनदा ठोकल्याशिवाय सुटत न्हाई. हा कडा ओढल्या, तळाला बोट लावलं की सुळकन बाहेर.
दिसायला मात्र आजारी माणसासारखा. रंगच धरला न्हाई. वेळबी जास्त खाल्ला. गरम झाल्यावर प्लास्टिकसारखा वास आला थोडा. आपा म्हणतात पहिल्यांदा रिकामाच तापवायला पाहिजे होता. आता सांगतात.
प.नं तीन तुकडे खाल्ले. आईला चिकटून बसून.

२ जुलै, रविवार
हसं झालं. साचा ओव्हनमध्ये नीट बसला न्हाई म्हणून जरा बाहेर ओढावा म्हणलं, आणि सवयीनं सांडशी लावली. सगळी हयात सांडशीनं भांडी उचलली की हो. पण हे भांडं थोडंच हाय, सांडशीत धरलं तर गोधडीसारखं दुमडलं आणि सगळं पीठ तापलेल्या कांबीवर. धूर, धूर. प. खोकत गॅलरीत.
आणि सु. हसली. खुर्चीला धरून हसली. "अहो, केक करायलाव का धुरी द्यायलाव?" म्हणली. ओव्हन घासता घासता मीबी हसलो.
लई दिवसांनी. ओव्हन गेला तरी चाललं असतं.

६ जुलै, गुरुवार
साच्याखाली काहीतरी ताठ पाहिजेच, न्हाईतर उचलताना पोटाला धरून उचललेल्या मांजरागत लोंबतो. पण खाली पत्र्याचा ट्रे घ्यावा तर तो वाजणार. मग कशासाठी आणलं हे सोंग? पोळपाटावर ठेवून नेतो, ओव्हनच्या जाळीवर अलगद सरकवतो. जमतं.
गंजत न्हाई, हलका हाय, घडी होते. पण साबण लावला की साबणाचा वास धरतो आणि तेलाचा ओशटपणा काही सुटत न्हाई. आपांचं मत पक्कं, टिनाशिवाय केकला सोनेरी कड येत न्हाई. "भाऊ, ये तो बच्चों का खिलौना है." असंल. आमच्या घरात खेळणंच पाहिजे सध्या.
प.चे मार्क थोडे वर. जेवायली नीट.

१६ जुलै, रविवार
चूक माझी. जागा वाचवायची म्हणून साचा घडी घालून येसराच्या डब्यात ठेवला. येसर म्हणजे आमचा घरचा मसाला, आमटीला वास सुटला की गल्लीला कळतो. साच्यानं तो वास असा पिऊन घेतला की आजचा केक म्हणजे साखर घातलेली आमटी.
प. म्हणली, पप्पा, भाकरी आणू का सोबत?
लिंबू लावलं, सोडा लावला. जात न्हाई. सु. म्हणली, ऊन दाखवावं लागंल, चांगलं दिवसभराचं. इथं गॅलरीत ऊन कुठलं, समोर नवं होस्टेल उठायलंय.

१९ जुलै, बुधवार
त्या होस्टेलच्या स्लॅबचं काम सुरू झालं. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा वरून खाली टाकतात. दिवसभर. एकेक प्लेट पडली की सु. भिंतीला हात लावून बघते.
मुकादमाला जाऊन बोललो. माणूस चांगला, पण म्हणला काका, मग काम कसं करू? त्याचंबी खरं. घरातला आवाज मी बंद केला. गावाचा कसा करू?

२७ जुलै, गुरुवार
सु. नांदेडला गेली. मी आणि प. स्टँडवर सोडायला गेलो. चार दिवस जाते म्हणली. आता प.नं स्वतःच सांगितलं तिला, "आई जा तू, मी जेवते." मोठी झाली पोरगी. गाडी हलल्यावर मात्र माझा हात धरून उभी राहिली.
पिशवी तीच, जूनमधली. वर साचा घडी करून ठेवलेला. अंगणातलं ऊन दाखवते म्हणली, वास जाईल. जाताना खिडकीतून मला म्हणली, "रविवारी टिनातच करा. वाजला तर वाजू द्या, मी न्हाई ना घरी."
हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. स्टँडवरच डोळे भरून आले. घरात आवाज करायची मोकळीक मला नको हाय.

२९ जुलै, शनिवार
प. अर्धी भाकरी खाऊन उठली. भूक न्हाई म्हणली. उरलेली अर्धी मी झाकून ठेवली. सु.ला फोनवरबी सांगितलं न्हाई. सांगितलं तर ती येईल, आणि भीत भीत येईल. तसं नको.

३० जुलै, रविवार
टिनातला केक. आपांचं खरं हाय, कबूल. काय रंग, काय कड. खोलीभर वास. प. टेस्टहून आली ती दारातच म्हणली, हा दुकानातला वाटायलाय.
गार झाला. उलटा केला. हात वर उचलला आणि तिथंच राहिला. ठोकता येईना.
प. बघायली होती. "पप्पा, ठोका की. आई न्हाई घरी."
न्हाई जमलं. इतक्या वर्षांची हाताची सवय, भांडं वाजू न द्यायची. मग सुरीनं कडेकडेनं सोडवत बसलो, सुपारी कातरल्यासारखं. एका बाजूचा तळ टिनालाच चिकटून राहिला, केकचा एक कोपरा तुटला. प.नं टिन खरवडून तो चुरा खाल्ला. मग म्हणली, पुढच्या रविवारीबी असाच काढू आपण, सुरीनं.
सु.चा फोन आला. आधी प.शी बोलली, जेवली का वगैरे. मग मला दे म्हणली.
"निघाला का केक?"
"निघाला."
"ठोकला?"
"न्हाई."
तिकडून अंगणातल्या चिमण्या ऐकू आल्या. मी विचारलं, साच्याचा वास गेला का? म्हणली, थोडा हाय अजून, उद्या एक ऊन देते. आणि मग, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, अहमदपूरमार्गे लातूरला येणारी सकाळची गाडी किती वाजता हाय, म्हणून विचारलं.
सांगितलं मी. येते म्हणली न्हाई. येत न्हाई असंबी म्हणली न्हाई.
चांगल्या बाजूचा एक मोठा तुकडा डब्यात काढून ठेवलाय. डबा प्लास्टिकचा.