माझ्या गप्प राहण्याविषयी

प्रिय विनया,

एकाच घरात राहून सासू पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. हिंदी शाळेमुळे तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सुटं सुटं लिहिते आहे. हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवीन. समोर बसून सांगायला गेले की तोंडापर्यंत आलेलं परत आत जातं, आणि रविवारच्या आत तुला हे कळायलाच हवं.

त्या शुक्रवारी आपल्याकडे प्रार्थनेची घरसभा होती. सकाळी आमटी करपली तेव्हा मी तुला म्हणाले, "लॅपटॉपवर ठेव पातेलं, तिथं तरी तुझं लक्ष असतं." तू पातेलं घासायला घेतलंस, तुझा निलय हसला, मला वाटलं संपलं. संध्याकाळी मंडळी जमली, गाणी झाली, आणि प्रार्थनेत तुझी पाळी आली. ओढणी डोक्यावर घेऊन तू म्हणालीस, "प्रभुजी, हमारी आई की ज़बान को छू लीजिए, उसकी कड़वाहट निकाल दीजिए." सगळे म्हणाले, आमेन. मीही म्हणाले! सवयीनं तोंडातून गेलं, आणि मग उमगलं मी कशाला आमेन म्हटलं ते.

तू मला तोंडावर कडू जिभेची म्हातारी म्हणाली असतीस, तर मी तिथल्या तिथं चार शब्द सुनावले असते आणि जेवताना तुला गरम पोळी वाढली असती. पण प्रार्थनेला उलट उत्तर कसं द्यायचं? तू माझ्याशी बोललीच नव्हतीस. बरं, मागितलंस तेही वाईट नव्हतं. मग मला ते सगळ्यांदेखत कानाखाली बसल्यासारखं का लागलं? तू खरंच माझ्यासाठी मागत होतीस, की लोकांना ऐकवत होतीस? भाजी निवडताना मला एक वाटतं, ती फोडणीला पडेपर्यंत दुसरं. आणि रागवायचं तर कुणावर? तुझ्यावर, की ज्याच्याकडे तू मागितलंस त्याच्यावर?

पवित्र शास्त्र काढून बसले. जिभेबद्दल पुष्कळ सापडलं आणि प्रत्येक ओळ मलाच लागू होती. पण कुणी प्रार्थनेतून बोललं तर ते कसं घ्यावं, हे काही सापडलं नाही. असेलही कुठं. मी चौथी शिकलेली, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचक झालेली. रेल्वेत ह्यांची जालन्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा मला हिंदीचा गंध नव्हता. तिथल्या दुर्गापुऱ्यात शेजारणींशी बोलायचं म्हणजे नुसत्या खुणा. मग दिवसभराचं सगळं बोलणं संध्याकाळी ह्यांच्यावर. हे माझ्याहून तिखट. मी सुरू झाले की म्हणायचे, "बाईसाहेब, सिग्नल द्या, मागं मालगाडी खोळंबलीय." मी अजून चिडायचे, हे अजून चिडवायचे. त्यामुळे माझं बोलणं कडू आहे हे मला कधी कळलंच नाही. हे गेले, आणि तेच बोलणं तुझ्यावर पडायला लागलं. तू चिडवत नाहीस. ऐकून घेतेस आणि आत जातेस.

तर त्या शुक्रवारपासून मी गप्प आहे. चहा झाला, दार लाव, एवढंच बोलते. मीठ कमी असलं तरी खाते. परवा चर्चच्या दारात इंदुमतीबाईंनी माझा हात धरला, "अहो, चेहऱ्यावर काय शांती आलीय! प्रभूनं काम केलं बघा." मी मान हलवली. शांती कसली! दात आवळून आवळून माझी कानशिलं दुखताहेत. तू मात्र खुशीत आहेस. काम करता करता गुणगुणतेस, कोपऱ्यावरची कचोरी आणतेस, "आई, और लीजिए ना" म्हणून माझ्या बशीत वाढतेस. विनया, मला ते आवडतं गं. राग तसाच आहे आणि कचोरीही गोड लागते. ह्याला काय म्हणायचं? ह्यांना विचारलं असतं. आता कुणाला विचारू?

काल निलयनं चहा पिताना मोठ्या आनंदानं सांगितलं, की तू रविवारी चर्चमध्ये साक्ष देणार आहेस: प्रार्थनेचं उत्तर मिळालं, आई बदलली. त्यासाठी हे पत्र. देऊ नकोस ती साक्ष. मी बदललेली नाही, मी रागावलेली आहे. तू देवासमोर उभी राहून जे सांगशील ते खरं नसेल, आणि ते खोटं माझ्या गप्प बसण्यानं तुझ्या तोंडी घातलेलं असेल. तुझा राग आला आहे, तरी तू चारचौघांत खोटी पडावीस असं मला वाटत नाही. दोन्ही एकदम कसं वाटतं, मला माझंच कळत नाही. आज ऑफिसातून आलीस की आधी माझ्याकडे ये. त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं ते सांग, हिंदीत सांगितलंस तरी चालेल. मग मीही बोलेन. गोड बोलेन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

रागावलेली, पण तुझीच,
आई