कबऱ्या बकरीचं दूध

आत्याबाई, तुमच्यासमोर मी कधी सलग चार वाक्यं बोलले नाही. तुम्ही बोलायच्या आणि मी "हो आत्याबाई" म्हणायची. सून म्हणून त्या घरात आले तेव्हा मी अठराची होते, आणि मला तुमची फार भीती वाटायची. तुम्ही कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, तरी वाटायची. सकाळी तुम्ही अंगणात उतरलात की कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या असं मला वाटे. आता मी त्या वेळच्या तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे. तरी हे लिहायला बसले तर आधी डोक्यावरचा पदर नीट केला, याचं मलाच हसू आलं.

सक्करदऱ्याच्या तलावाकडून नंदनवनच्या अंगाला यायचं तर तेव्हा मध्ये नुसती बाभूळ होती आणि आपल्या वस्तीची वीस-पंचवीस घरं. आपलं घर दोन खोल्यांचं, पण अंगण मोठं. एका बाजूला कोंबड्यांचं खुराडं, दुसऱ्या बाजूला बकऱ्यांचा छपराखालचा कोपरा, आणि दोन्हीकडे तुम्ही लकडगंजच्या आरा मशीनवरून पोत्यात भरून आणलेला लाकडाचा भुसा पसरलेला. ते पोतं तुम्ही डोक्यावर आणायच्या, एवढ्या लांबून, पायी. मी एकदा म्हटलं, रिक्षात टाकून आणा की. तुम्ही म्हणालात, "भुसा फुकट भेटते अन् रिक्षा काय फुकट येते?" अंडी घरची, दूध घरचं, पाहुणा आला तर कोंबडा घरचा. हे सगळं काटकसरीतून आलेलं आहे असं मी आधी धरून चालले होते. मग एकदा शेण सारवताना तुम्ही स्वतःहून बोललात. गावात असताना तुमची आई पाटलाच्या दारात ताक मागायला जायची आणि वरून ओतलेलं ताक खाली धरलेल्या भांड्यात घ्यायची. "दीक्षा घेऊन आलो ना पोरी, त्या दिवसापासून म्या कोनाच्या दारात भांडं नाही धरलं. अन् माया घरातलं कोनी धरन बी नाही." एवढं बोलून तुम्ही पुन्हा सारवायला लागलात.

तुमचा नातू झाला आणि तिसऱ्या महिन्यात मला टायफॉईड झाला. मी उठले तेव्हा अंगावरचं दूध आटून गेलेलं. त्या साली रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी खाऊन कुणाला दूध सुटणार होतं? तुम्ही कबऱ्या बकरीला वेगळं बांधलंत. तिच्यासाठी बोरीचा पाला वेगळा, बाभळीच्या शेंगा वेगळ्या. सकाळ-संध्याकाळ तुम्ही वाटीत धार काढायच्या आणि फेस बसायच्या आत चमच्याने बाळाला पाजायच्या. उकळू द्यायच्या नाहीत. "उकळलं की त्याच्यातलं बळ उडून जाते." बाळ महिन्याभरात भरून आलं. मांडीला वळ्या पडल्या. बकऱ्या चरायला न्यायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं, आणि तुमची ताकीद एकच होती. "कबरीवरची नजर हटू नको देऊ वं. तिच्यात लेकराचा जीव आहे."

त्या दुपारी माझी नजर हटली. तलावाच्या पाळीवर मला माझ्या माहेरच्या गावची एक बाई भेटली, धुणं धुवायला आलेली. वर्षभरात माहेरचं कुणी दिसलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले, आईचं विचारलं, भावाचं विचारलं, रडले थोडीशी. मागून बकरीचा आवाज आला तेव्हा वळून पाहिलं. एक पिवळा कुत्रा कबरीच्या मागच्या पायाला लटकलेला. मी काठी घेऊन धावते, त्याच्या पाठीत मारते, तो भुंकत नाही, पळत नाही, नुसता सोडतो आणि मान खाली घालून सरळ चालू लागतो. त्याच्या जबड्यातून लाळ गळत होती. मला अजून तो तसाच चालताना दिसतो. मी तलावाच्या पाण्याने जखम धुतली, घरी येऊन हळद भरली. तुम्ही विचारलं, "काय झालं वं पायाले?" मी म्हटलं, काटेरी तार लागली.

दोन दिवसांनी वस्तीत बातमी आली की एका पिवळ्या कुत्र्याने मागच्या गल्लीतल्या माणसाचा चावा घेतला आणि लोकांनी त्याला दगडांनी मारून टाकलं. पिसाळलेला होता. तुम्ही ते ऐकून म्हणालात, "लेकराले बाहेर नका काढू दोन-चार दिवस." आणि वाटी घेऊन धार काढायला बसलात. मी चुलीपाशी उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण डोळ्यांसमोर आलं की तुम्ही वळून पाहाल, विचाराल की तू कुठे होतीस. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. कबरी गेली तर बाळाला काय पाजायचं? दुसऱ्या दोन बकऱ्या गाभण होत्या, त्यांना अजून तीन महिने होते. एका बाजूला दूध विष असेल ही भीती, दुसऱ्या बाजूला दूधच नसेल ही. मी दोन्हींच्या मध्ये उभी राहिले आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत पहिला चमचा बाळाच्या ओठाला लावलात.

मग मी दूध सांडायला लागले. वाटी उचलताना हात हलायचा, पायाने लागायची, कधी मांजराचं नाव सांगायची. चौथ्या वेळी म्हणालात, "तुया हाताले भोकं पडले काय वं? लेकरू सुकून राहिलं, दिसत नाही काय तुले?" खरंच सुकत होतं. भाताच्या पेजेवर ते रात्रभर किरकिर करायचं. शेवटी मी एक खोटं रचलं, की दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दूध उकळून पाजायला सांगितलं आहे. तुम्हाला राग आला. पण नर्स शिकलेली आणि शिकलेल्या माणसाचा शब्द तुम्ही मोडत नव्हता. "उकळ बाई. पन माया समोर नको उकळू, मले पाहवत नाही." त्या दिवसापासून मी दूध इतकं उकळायची की भांड्याला खरवड धरायची. तरी आधीचे ते दिवस होतेच, ज्या दिवशी बाळ कच्चं दूध प्यायलं होतं. मी झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी बोट न्यायची आणि लाळ जास्त तर नाही ना पाहायची. आठ महिन्यांचं मूल, त्याला दात येत होते. त्याची लाळ गळणारच होती.

पायाची जखम भरली. महिना होत आला. मला वाटलं, टळलं. एका सकाळी कबरी ओरडत उठली. आवाज तिचा नव्हताच, घोगरा, घशातून फाटलेला, आणि थांबेना. पाला खाईना, भिंतीला डोकं मारी, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. तुम्ही म्हणालात, "घशात काही अडकलं वाटते, शेंग अडकली असन." मी खोलीत बाळाला घेऊन होते. बाहेर आले तर तुम्ही बकरीचं डोकं काखेत दाबलेलं, एका हाताने जबडा फाकवलेला आणि दुसरा हात मनगटापर्यंत तिच्या तोंडात. आदल्या दिवशी पाला तोडताना विळ्याने कापलेलं तुमचं बोट त्याच हाताचं.

"हात काढा आत्याबाई! हात काढा! कुत्रं चावलं तिले!"

एवढ्या मोठ्या आवाजात मी त्या घरात पहिल्यांदा बोलले. तुम्ही हात काढलात. बकरीला सोडलंत, मागे सरून दार ओढून घेतलंत. मग विचारलंत, "कधी?" मी सगळं सांगितलं, माहेरच्या बाईसकट, तारेच्या खोट्यासकट. सांगताना मी पायरीवर बसले. मला वाटत होतं आता तुम्ही मारणार, आणि मारावं असंही वाटत होतं. तुम्ही नळावर गेलात आणि कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी संपेपर्यंत हात धूत राहिलात. मग परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिलात आणि एकच गोष्ट विचारलीत.

"म्हणून सांडत होती काय दूध?"

मी मान हलवली. "येडी पोरगी," तुम्ही म्हणालात. "उठ. लेकराले बांध पाठीशी."

मोठ्या सरकारी दवाखान्यात लांब रांग होती. यांना मिलमध्ये निरोप गेला होता, तेही धावत आले, अंगावर कापसाची रुई तशीच. त्यांचं मात्र नशीब, ते फक्त चहातलं, उकळलेलं दूध घेत. डॉक्टरांनी विचारलं, बकरीला कुत्रं चावलं तेव्हा तिच्याबरोबर कोण होतं, आणि इतके दिवस गप्प का बसलात? मी बाळाला छातीशी धरून उभी होते. माझ्या आधी तुम्ही बोललात. "मीच होती डाक्टरसाहेब. म्याच नेली होती चाराले. मले वाटलं साधं कुत्रं आहे." यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि सगळ्या रांगेसमोर ओरडले, "मा, तुले अक्कल आहे का नाही? माया पोराले मारून टाकतं काय तू?" तुम्ही मान खाली घातलीत. तुम्हाला मान खाली घातलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

चौदा सुया पोटात. तुम्हाला, मला आणि त्या एवढ्याशा पोटाला. रोज सकाळी तिघं पायी जायचो, बाळ दवाखान्याची पायरी दिसली की रडायला लागायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी कबरीला लांबूनच पाहून जवळ जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. चार दिवस ती बंद छपरात ओरडत होती, शेवटच्या दिवशी आवाज आला नाही. तुम्ही बाभळीत खोल खड्डा केलात, चुना टाकलात आणि मला जवळ येऊ दिलं नाहीत. त्याच संध्याकाळी पदराखाली पितळी गडू घेऊन तुम्ही बाहेर पडलात. कुठे चालल्या ते मला कळलं नाही. परत आलात तेव्हा गडूत म्हशीचं दूध होतं, तलावापलीकडच्या गवळ्याकडून मागून आणलेलं. ओंजळभर अंडी देऊ केलीत तर त्याने घेतली नाहीत, तसंच दिलं. बकऱ्या व्यायेपर्यंत दोन महिने तुम्ही रोज त्याच्या दारात उभ्या राहिलात. मी एकदा म्हटलं, मी जाते. "तू नाही जाचं," तुम्ही म्हणालात, आणि इतक्या जोरात की मी पुन्हा विचारलं नाही.

सुया संपल्या तरी भीती संपली नाही. कुणीतरी सांगितलं होतं की हा आजार वर्षानेही उठतो, आणि पहिली खूण म्हणजे पाण्याचं भय. मी तुमच्या आणि बाळाच्या ओठांवर नजर ठेवून असायची. तुमच्या ते लक्षात आलं. मग रोज सकाळी मी चूल पेटवत असताना तुम्ही माझ्यासमोर येऊन तांब्या तोंडाला लावायच्या, पूर्ण रिकामा करायच्या. "हे पाय, पाणी पेलं म्या. आता चहा ठेव." वर्षभर, एक दिवसही न चुकता.

मी तुम्हाला एकदाच विचारलं, तुम्ही दवाखान्यात स्वतःवर का घेतलंत. तुम्ही खुराड्यातला जुना भुसा खरवडत होता. "तो माया पोटचा आहे. मायावरचा राग तो सकाळी विसरते. तुयावर धरला असता त जन्मभर धरला असता. तुले त्याच्यासंग म्हातारं व्हाचं आहे." मी टोपलं उचललं आणि भुसा बाहेर टाकून आले.

कुणालाच काही झालं नाही. नातू मोठा झाला. नऊ वर्षांनी तुम्ही गेलात, छातीच्या दुखण्याने, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. तरी शेवटच्या दिवशी तुम्ही पाण्याचा चमचा तोंडाबाहेर लोटलात तेव्हा नऊ वर्षं कुठेतरी दबा धरून बसलेलं ते आलं असंच मला वाटलं. तुमचे डोळे मिटेपर्यंत मी तुमच्या पायथ्याशी बसून होते. तुमच्यासाठी रडायचं ते मी नंतर रडले, आधी फक्त भ्याले.

परवा हे आमच्या नातसुनेला ती गोष्ट सांगत होते. हसत हसत, राग आता उरलेला नाही. "माया मायनं हलगर्जी केली अन् तुया सासऱ्याच्या पोटात चौदा सुया गेल्या." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "अरे देवा." मी वाढत होते, वाढत राहिले. त्या रात्री ठरवलं की सगळं लिहून यांना वाचून दाखवायचं. आता लिहून झालं आहे, हे बाहेर ओसरीवर बसले आहेत, आणि मी उठत नाही.

एक राहिलं. डॉक्टरांसमोर मी भीतीने गप्प राहिले असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. ते खरं नाही, आत्याबाई. तुम्ही "मीच होती" म्हणालात त्या क्षणी माझी भीती गेली होती. बोलता आलं असतं. मला बरं वाटत होतं, म्हणून मी बोलले नाही.