समोरच्या खोलीतलं जेवण

बाबा,

मागच्या रविवारी दुपारी मी तुमच्या सावजी भोजनालयात, समोरच्या खोलीत टेबलाशी बसून पोटभर जेवले. मैत्रिणींना सोबत घेऊन गेले होते. मटण मागवलं, खूर मागवला, भेजा मागवला, आणि वरून रस्सा दोनदा मागितला. आपल्या नातेवाइकांचा भरवसा नाही, तुमच्यापर्यंतही काहीतरी तिखटमीठ लावून पोचवतील, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावं. माफी मागायला लिहीत नाहीये. तसं वाटत असेल तर इथंच थांबा.

तुम्ही भोजनालय सुरू केलंत तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून आजोबांचा माग तुम्ही समोरच्या खोलीतून काढलात, त्याचा पाय सोडून बसायचा खड्डा बुजवलात आणि त्या जागी टेबलं-बाकडी मांडलीत. मागच्या खोलीत चुली, पाटा, माय आणि काकू. खसखस, सुकं खोबरं आणि काळा मसाला भाजायला घेतला की गल्लीच्या तोंडाशी माणसं शिंकायची आणि शिंकत शिंकतच आत यायची. रस्सा मायचा होता. दारावरच्या पाटीवर नाव तुमचं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, लहान होते.

पण एक दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. गिऱ्हाईक नव्हतं, उन्हाळा होता आणि पंखा फक्त समोरच्या खोलीत होता. मी माझी ताटली घेऊन समोरच्या बाकावर बसले. रस्त्यावरून माणसं जात होती, मी घास खाता खाता बघत होते, आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. तुम्ही बाहेरून आलात.

"काहून बसली वं इथं?"

"पंखा आहे, बाबा."

"ऊठ. आपल्या घरच्या बाया समोर नाही बसत."

तुम्ही ओरडला नाहीत. ताटली स्वतः उचलून आत नेलीत, मला पाट दिलात, आणि पातेल्यातून नळीचं एक हाड शोधून माझ्या भातावर ठोकून मगज काढून दिलात. एवढ्या प्रेमानं कोणी कोणाला आत नेऊन बसवलं नसेल. मी ते खाल्लं, आणि ते फार चवदार लागलं. तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं बाबा, मी कधीच बाहेर पडले असते. त्या मगजानं मला कितीतरी वर्षं आत बसवून ठेवलं.

तुम्ही म्हणायचात, तिथं माणसं पिऊन येतात. येत होती, मीही ऐकत होते. मग त्यांना बाहेर काढायचं होतं, आम्हाला आत का? आणि दुसरं एक. माग होता तेव्हा माय त्याच खोलीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून सुताच्या कांड्या भरायची. व्यापारी यायचे, दलाल यायचे, तिच्यासमोर बसून भाव करायचे. तेव्हा कुणाची अब्रू गेली नाही. बाई समोर बसून राबली तर चालते, समोर बसून जेवली तर घराचं नाक कापलं जातं, हा हिशेब मला अजून कळलेला नाही. तुम्ही असता तर विचारला असता. बहुतेक विचारला नसता. पण आता विचारते.

आता माझं सांगते. मी हिंगण्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, निवृत्तीला आले. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी एक आहे, छिंदवाड्याकडची, बोलता बोलता हिंदीत घसरते. दुसरी नंदनवनातली माझी शेजारीण, बँकेतून निवृत्त झालेली. हिच्या माहेरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. आम्ही तिघी रविवारी जेवायला बाहेर पडतो. सुरुवात साधी होती, सकाळचे तर्री-पोहे. मग बसवाली म्हणाली, "यार, हे तर रोजचंच आहे. काही तरी असं खाऊ की घरी सांगता नाही आलं पाहिजे." तेव्हापासून तोच आमचा नियम. मोमिनपुऱ्यात सकाळी सकाळी रात्रभर शिजवलेली नहारी खाल्ली, बोटं एकमेकांना चिकटेपर्यंत. सदरला एका जिन्यावरच्या छोट्या हॉटेलात ईशान्येकडचं एक जोडपं डुकराचं मटण आणि आंबवलेले बांबूचे कोंब करतं, ते खाल्लं. पहिला वास आला तेव्हा शेजारणीनं पदर नाकाला लावला. मग पदर खाली केला, एक घास घेतला, डोळे मिटून बसली. आम्हाला वाटलं, आता हिला बाहेर न्यावं लागणार. डोळे उघडून म्हणाली, "माझी आजी हे बघून दुसऱ्यांदा मेली असती. भात आहे का अजून?" वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट, मात्र मला जमली नाही. तोंडात घोळवत बसले, बसवालीनं मजेत माझी वाटी ओढून घेतली. सगळंच आवडलं पाहिजे असं कुठं आहे? पण नाही आवडलं हे मी माझ्या जिभेनं ठरवलं, बाबा, ते दुसऱ्या कुणी ठरवलं नाही.

असंच एकदा परतताना शेजारणीनं विचारलं, "सगळ्या गावातलं सावजी मटण खाऊन झालं. तुझ्या घरचं भोजनालय आहे म्हणतेस, तिथं का नेत नाहीस?"

मी म्हटलं, "तिथं आमच्या घरच्या बाया समोर बसत नाहीत."

"आणि बाकीच्या?"

बाकीच्या बसतात. आता कुटुंबंच्या कुटुंबं येतात, बायका टेबलावर हात मारून लिंबू मागतात. फक्त आपल्याच घरच्या आत. हे मी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर फार खुळ्यासारखं वाटलं. बसवाली म्हणाली, "तो फिर संडे को वहीं."

गेलो. भाऊ गल्ल्यावर होता. मला पाहून उठला, खूश झाला, आणि सवयीनं आतल्या दाराकडे हात केला.

"ताई, आत ये ना. मायच्या खोलीत ताटं लावतो."

"आम्ही इथंच बसतो."

"इथं? अवं, दुपारची गर्दी आहे. लोक काय म्हणतील, मालकाची पोरगी गिऱ्हाईकासारखी..."

"म्हणतील, मालकाची पोरगी जेवून राहिली. तू मटण पाठव."

तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "बाबा असते तर चाललं असतं का?"

"नसतं चाललं," मी म्हटलं. "तरी बसले असते." हे मी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं बोलले. माझे कान तापले होते, पण उठले नाही. तो ताटं सांगायला आत गेला. ताटं आली, भाकरी आली, तर्रीचा लाल थर हलत होता, आणि पहिल्याच घासाला शेजारणीच्या नाकातून पाणी यायला लागलं. ती रडत रडत हसत होती. तेवढ्यात आतलं दार उघडलं. माय. आवाज ऐकून आली होती, भिंतीला धरत धरत. दाराच्या चौकटीत थांबली, तिथवरच यायची सवय तिला.

भाऊ धावला. "माय, तू काहून बाहेर आली?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर सरकले आणि हातानं जागा पुसली. किती वेळ ती तशीच उभी होती मला सांगता येणार नाही. मग चौकट सोडली, आली आणि बसली. बाबा, तुमच्या समोरच्या खोलीत माय बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे, बाक उंच पडत होता. मी माझ्या ताटातली भाकरी मोडून रस्स्यात बुडवली आणि तिच्यापुढे केली. तिनं एक घास खाल्ला आणि ती म्हणाली, "खसखस कच्ची राहिली."

पलीकडच्या टेबलावरचे एक म्हातारे गिऱ्हाईक मोठ्यानं हसले. "आम्ही हेच सांगून राहिलो मालकाले, ऐकतच नाही!" भावाची बायको दारात येऊन उभी होती, तिच्याकडे वळून माय म्हणाली, "तू काहून उभी वं? बस." ती नवऱ्याकडे पाहायला लागली. "त्याच्याकडे काय पाहून राहिली? तो वाढते." आणि त्यानं वाढलं, बाबा. तुमच्या मुलानं खांद्यावर फडकं टाकून पाच बायकांना वाढलं, आणि त्याच्या हातून काही पडलं नाही.

जेवण झाल्यावर माय बराच वेळ बाहेर बघत बसली. मग मला म्हणाली, "इथून रस्ता दिसते वं."

एवढंच. तुम्ही वाईट नव्हतात, हे मला माहीत आहे, आणि त्या दिवशी टेबलावर तुमच्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही. पण तुमचा नियम मोडला. तो आता परत बसणार नाही, कारण सून परवा दुपारी आपली आपणच समोर बसून जेवली, भावानंच फोन करून सांगितलं, तक्रार करायची की नाही हे न कळल्यासारखं.

हा कागद मी कुठं टाकणार नाही, जाळणारही नाही. स्वयंपाकघरात बसून लिहिला, इथंच कुठंतरी राहील. एक मात्र सांगून टाकते, नाहीतर उगाच मोठेपणा होईल. गल्ल्याच्या वर तुमचा फोटो आहे, हार घातलेला. आम्ही आत शिरलो तेव्हा आमच्या टेबलाची दोन्ही बाकडी रिकामी होती. मी तुमच्याकडे पाठ येईल त्या बाकावर बसले.